बॉनेट-चिन्ह (मोटारगाडी)

बॉनेट-चिन्ह म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनावरील झाकणाच्या, म्हणजेच बॉनेटच्या, दर्शनी भागावर बसविलेले निर्मात्याचे किंवा मॉडेलचे बोधचिन्ह होय. धातूची किंवा प्लॅस्टिकची उठावदार मुद्रा, सुटी अक्षरे, मीनाकाम केलेली ढाल अथवा लहान मूर्ती अशा विविध रूपांत ते आढळते. जुन्या गाड्यांची बॉनेट-चिन्हे कालौघात गंजतात, तुटतात किंवा चोरीस जातात. त्यामुळे त्यांच्या जागी नवे चिन्ह बसविणे हा जुन्या गाडीच्या जतनाचा एक नित्याचा भाग आहे. हे काम वरवर किरकोळ वाटले, तरी ते चुकीच्या रीतीने केल्यास पत्र्यात गंज शिरतो, रंग निघतो आणि पुष्कळदा चिन्हाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बॉनेटच्या दुरुस्तीवर करावा लागतो.

शब्दयोजना

‘बॉनेट’ हा शब्द मराठीत ब्रिटिश इंग्रजीतून आला. डोक्यावर बांधावयाची टोपी हा त्याचा मूळ अर्थ आहे. अमेरिकेत याच भागाला ‘हूड’ म्हणतात. परंतु महाराष्ट्रात ‘हूड’ या शब्दाने बहुधा जीपवरील कापडी छताचा बोध होतो. म्हणून परदेशी माहितीपुस्तिका वाचताना या दोन शब्दांची गल्लत होण्याचा संभव असतो. सुट्या भागांच्या दुकानांत आणि गॅरेजांत बॉनेट-चिन्हाला सर्रास ‘मोनोग्राम’ किंवा थोडक्यात ‘मोनो’ असे म्हटले जाते. बॉनेटवर उभ्या असलेल्या मूर्तिरूप चिन्हाला ‘मॅस्कॉट’ ही संज्ञा आहे.

इतिहास

आरंभीच्या मोटारगाड्यांत रेडिएटरचे बूच बॉनेटच्या पुढे, उघड्यावर असे. १९१२ च्या सुमारास या बुचावर बसणारा बॉइस मोटोमीटर नावाचा तापमापक प्रचारात आला. पाणी उकळू लागले की नाही, हे चालकाला आसनावरूनच त्यात दिसत असे. बूच हा गाडीचा सर्वांत पुढचा आणि नजरेत भरणारा भाग असल्याने त्यावर शोभेच्या मूर्ती बसविण्याची प्रथा पडली. रोल्स-रॉइसची ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ ही मूर्ती शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी घडविली व ती १९११ पासून वापरात आली. मर्सिडीजच्या तीन टोकांच्या ताऱ्याची नोंदणी १९०९ मधील आहे. पुढे रेडिएटर बॉनेटच्या आत गेला, बुचाचे प्रयोजन बाहेरून संपले; मात्र चिन्हाची जागा कायम राहिली.

भारतीय गाड्यांवरील चिन्हे

भारतातील जुन्या गाड्यांची चिन्हे हा उद्योगाच्या इतिहासाचा एक पुरावा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना मुंबईतील कुर्ला येथे होता. या कंपनीने इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ ही गाडी तयार केली. हीच गाडी पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. गाडीचा मूळ आराखडा तोच राहिला, पण फियाटच्या नावाची जागा प्रीमियरने घेतली. लोकांच्या बोलण्यात मात्र ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. त्यामुळे अनेक मालक १९७४ नंतरच्या गाडीवर फियाटचे चिन्ह बसवितात. ऐतिहासिकदृष्ट्या ते अचूक नसते. पद्मिनीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकी शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदविली गेली होती व वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती सेवेतून गेली.

हिंदुस्तान मोटर्सची ‘ॲम्बॅसेडर’ ही ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली होती. मॉरिसच्या मूळ चिन्हात नदी ओलांडणारा बैल आहे. ‘ऑक्सफर्ड’ म्हणजे बैलांचा उतार, असा त्या गावाच्या नावाचा अर्थ त्यात दर्शविला आहे. ॲम्बॅसेडरचे उत्पादन पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत चालले. २०१७ मध्ये ‘ॲम्बॅसेडर’ हे नाव फ्रान्सच्या प्यूजो समूहाला ८० कोटी रुपयांना विकण्यात आले. गाडी बंद पडल्यानंतरही नावाला व चिन्हाला स्वतंत्र मूल्य असते, हे या व्यवहारावरून दिसून येते.

घडण व साहित्य

जुनी चिन्हे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते. वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून चिन्ह ओततात आणि त्यावर तांबे, निकेल व क्रोमियम यांचे थर विद्युतविलेपनाने चढवितात. सर्वांत वरचा क्रोमियमचा थर एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. गंजापासून खरे संरक्षण खालच्या निकेलच्या थरामुळे मिळते. निकेलच्या थराला सूक्ष्म छिद्र पडले की पाणी जस्तापर्यंत पोचते. जस्त हे निकेलच्या तुलनेत लवकर झिजणारे असल्याने आतल्या आत पांढरी भुकटी तयार होते आणि क्रोमला फोड येतात. असे फोड आलेले चिन्ह नुसते घासून पूर्ववत होत नाही. थर उतरवून पुन्हा विलेपन करावे लागते किंवा चिन्ह बदलावे लागते.

अलीकडील चिन्हे एबीएस या प्लॅस्टिकवर क्रोम चढवून केलेली असतात. ती हलकी व स्वस्त असतात, परंतु तापमानानुसार त्यांचे आकारमान अधिक बदलते. २० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीचे तापमान ४० अंश सेल्सियसने वाढल्यास पोलादी पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर, जस्ताचे चिन्ह सुमारे ०.२ मिलिमीटर, तर एबीएसचे चिन्ह सुमारे ०.६ मिलिमीटर वाढते. हा फरक सामावून घेण्यासाठी जोड किंचित लवचीक असणे आवश्यक असते.

जोडण्याच्या पद्धती

खिट्यांचा जोड: चिन्हाच्या पाठीमागे ओतलेल्या दोन किंवा अधिक खिट्या बॉनेटच्या छिद्रांतून आत जातात आणि आतील बाजूने त्यांवर स्प्रिंगच्या पत्र्याच्या क्लिपा दाबून बसवितात. जुन्या गाड्यांत ही पद्धत सर्वाधिक आढळते.

नट-बोल्टचा जोड: खिट्यांना आटे असतात व आतून वायसर घालून नट आवळतात.

स्प्रिंगचा जोड: उभे चिन्ह धक्का लागल्यास वाकावे आणि पुन्हा सरळ व्हावे, यासाठी खाली स्प्रिंग असते. मर्सिडीजच्या अनेक जुन्या गाड्यांत असे चिन्ह बॉनेटच्या आतून पाव वळसा फिरवून काढता येते.

चिकटपट्टीचा जोड: ॲक्रिलिक फेसाची दुहेरी चिकटपट्टी ही १९८० नंतर प्रसार पावलेली पद्धत आहे. यात पत्र्याला छिद्र पाडावे लागत नाही आणि फेस लवचीक असल्याने धातूंच्या असमान प्रसरणाचा ताण तो सामावून घेतो.

वऱ्हाडातील हवामान व पाण्याचा परिणाम

अमरावती व अकोला जिल्ह्यांत मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो व त्यात इंजिनाच्या उष्णतेची भर पडते. अशा तापमानाला हलक्या प्रतीच्या चिकटपट्ट्या आणि साधे इपॉक्सी मऊ पडून चिन्ह हळूहळू खाली सरकते. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद याउलट ठिसूळ असतो. तो पत्र्याच्या थरथरीने तडकतो, त्याच्या वाफेने रंगावर पांढुरकी झाक येते आणि चिन्ह उपटताना रंगही सोबत निघतो.

या भागातील दुसरी अडचण पाण्याची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला असून तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारट असते. अशा पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात वाळू दिल्यास चिन्हाच्या कडांशी क्षारांचा थर साचतो. काळ्या मातीची बारीक धूळ चिन्हामागील फटीत बसते आणि ओलावा धरून ठेवते. क्षार व ओलावा एकत्र आल्याने क्रोमला छिद्रे पडणे, खिट्या झिजणे आणि छिद्राच्या कडेने पत्रा गंजणे या तिन्ही क्रिया वेगाने होतात. म्हणून खारपाणपट्ट्यात गाडी शेवटी गोड्या पाण्याने धुणे व चिन्हाभोवतीचे पाणी लगेच टिपून घेणे हितावह ठरते.

जुने चिन्ह काढणे

चिन्ह काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतात आणि बॉनेटच्या दोन्ही कडांपासूनची व पुढील कडेपासूनची अंतरे लिहून ठेवतात. चिन्ह आधीच हरवले असल्यास रंगावरील ‘छाप’ उपयोगी पडते. चिन्हाखालच्या रंगाला ऊन लागलेले नसल्याने तो भाग भोवतालच्या रंगापेक्षा गडद राहतो व त्यावरून मूळ जागा आणि आकार कळतो. म्हणूनच मोजमाप होईपर्यंत बॉनेटला पॉलिश केले जात नाही.

खिट्यांचे चिन्ह नेहमी आतून सोडवावे लागते. बाहेरून पेचकस घालून उचकटल्यास जस्ताच्या खिट्या मोडतात आणि पत्र्याला खळगा पडतो. क्लिपा गंजल्या असतील, तर गंज सैल करणारे तेल लावून काही तास थांबतात आणि मग क्लिप कापून काढतात. काही गाड्यांत चिन्हामागे बॉनेटची आतली बळकटीची पट्टी आडवी येते; तेथे त्या पट्टीतील छिद्रातूनच हात किंवा लांब पाना घालावा लागतो.

चिकटविलेले चिन्ह केस वाळविण्याच्या यंत्राने कोमट करून नायलॉनच्या पातळ दोरीने, करवतीप्रमाणे मागे-पुढे ओढत, कापतात. उरलेला चिकटा बोटाने चोळून व थोड्या रॉकेलने काढतात. थिनर वापरणे धोक्याचे असते, कारण अनेक जुन्या गाड्यांवर नायट्रोसेल्युलोज रंग असतो व तो थिनरने विरघळतो. रॉकेलचा तेलकट अंश राहिल्यास नवी चिकटपट्टी धरत नाही. त्यामुळे शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात मिसळून पुसणे आवश्यक असते.

नवे चिन्ह बसविणे

पत्र्याची तपासणी: जुनी छिद्रे आतून-बाहेरून पाहतात. कडेला गंज असल्यास तो पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासतात, त्यावर रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचा अस्तर-रंग व नंतर गाडीचा रंग लावून तो पूर्ण वाळू देतात. ही पायरी गाळली, तर चकचकीत चिन्हाखाली गंज वाढत राहतो आणि तो दिसेपर्यंत पत्रा भोकाळलेला असतो.

जुळणी: नव्या चिन्हाच्या खिट्यांमधील अंतर जुन्या छिद्रांशी जुळते का, हे आधी कागदावर ठसा घेऊन पडताळतात. बाजारातील नकली प्रतींमध्ये एक-दोन मिलिमीटरचा फरक असणे सामान्य आहे. फरक थोडा असेल, तर कानसीने छिद्र लांबट करतात. खिट्या वाकवून बसविण्याचा प्रयत्न केल्यास त्या मोडतात. मोडलेल्या खिटीच्या जागी लहान छिद्र पाडून तीन मिलिमीटरचा स्क्रू बसविता येतो, मात्र ते चिन्हाच्या दर्शनी बाजूपर्यंत जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

मध्य ठरविणे: जुन्या गाड्यांचे पत्रे हाताने जुळवून बसविलेले असत, त्यामुळे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. दोरीने मध्य काढून मास्किंग टेपवर खूण करतात आणि दहा-बारा फुटांवर उभे राहून नजरेने खात्री करतात. मोजपट्टी व नजर यांत तफावत आढळल्यास बॉनेटच्या मधल्या घडीशी जुळणारी जागा ग्राह्य धरली जाते.

नवे छिद्र: छिद्र पाडणे अपरिहार्य असेल, तरच पाडावे असा संकेत आहे. टेप लावून, पंचाने बारीक खळगा करून प्रथम दोन मिलिमीटरचे व मग हव्या त्या मापाचे छिद्र पाडतात. आतील बाजूस लाकडी ठोकळा धरतात. लोखंडाचा कीस काळजीपूर्वक झाडून घेतात, कारण रंगावर राहिलेला कीस पहिल्या पावसातच तांबडे डाग पाडतो. छिद्राच्या उघड्या कडेला अस्तर-रंग लावल्याशिवाय चिन्ह बसविले जात नाही.

गादी व आवळणी: चिन्ह व पत्रा यांच्यामध्ये पातळ गादी घातल्याने धातूला धातू लागत नाही आणि पाणी आत शिरत नाही. यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वापरण्याची पद्धत आहे. पांढऱ्या गाडीवर मात्र काळ्या रबराचा डाग उमटतो, म्हणून तेथे पारदर्शक प्लॅस्टिकची गादी योग्य ठरते. नट बोटांनी लागेल तितका लावून त्यापुढे जेमतेम पाव वळसा आवळतात. जस्ताच्या खिट्या अधिक ताण सोसत नाहीत.

चिकटपट्टी लावणे: पत्र्याचे तापमान साधारण २० ते ३८ अंश सेल्सियस असावे. वऱ्हाडात उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत करावे लागते. चिन्ह टेकविल्यानंतर प्रत्येक भाग काही सेकंद घट्ट दाबतात. चांगल्या प्रतीच्या पट्टीची निम्मी पकड सुमारे २० मिनिटांत, ९० टक्के पकड २४ तासांत आणि पूर्ण पकड ७२ तासांत येते. तोवर गाडी धुतली जात नाही. बॉनेट नुकतेच रंगविलेले असल्यास रंग आतपर्यंत पक्का होण्यासाठी काही आठवडे थांबणे इष्ट असते.

जुनी छिद्रे बंद करणे: वेगळ्या आकाराचे चिन्ह बसवायचे असल्यास जुनी छिद्रे वेल्डिंगने भरता येतात. पातळ पत्रा उष्णतेने लहरतो, म्हणून एकेक ठिपका देऊन व मध्ये थंड होऊ देऊन हे काम करतात. छिद्रावर केवळ लांबी भरून रंग दिल्यास आतून ओल शिरते व काही काळाने तेथे फोड येतो.

मौलिकता व जतन

जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ याने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत मूळ भाग शक्यतो राखणे, केलेल्या बदलांची नोंद ठेवणे आणि नवा भाग ओळखता येईल अशी काळजी घेणे या तत्त्वांवर भर आहे. त्यानुसार, किंचित खराब झालेले मूळ चिन्ह हे चकचकीत नकली चिन्हापेक्षा अधिक मोलाचे मानले जाते. बदललेले मूळ चिन्ह टाकून न देता गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवणे आणि नव्या चिन्हाच्या पाठीवर वर्ष कोरणे या साध्या उपायांनी पुढील अभ्यासकांची दिशाभूल टळते. मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी जुने सुटे भाग मिळतात. तेथे घेतलेले चिन्ह आपल्या गाडीच्या वर्षाचेच आहे का, हे तपासणे आवश्यक असते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरबदल केलेले वाहन यासाठी पात्र ठरत नाही. १९७४ मधील पहिल्या पद्मिनी गाड्या २०२४ पासून या वयोमर्यादेत येऊ लागल्या असल्याने त्यांच्या मूळ भागांचे महत्त्व वाढले आहे.

सुरक्षितता व कायदा

बॉनेटवरील टोकदार चिन्ह अपघातात पादचाऱ्याला गंभीर इजा करू शकते. युरोपीय समुदायाच्या १९७४ च्या निर्देशानुसार, पृष्ठभागापासून १० मिलिमीटरपेक्षा अधिक उंच असलेले शोभेचे चिन्ह सुमारे १०० न्यूटन बलाने वाकले, आत गेले किंवा निखळले पाहिजे. याच कारणाने रोल्स-रॉइसच्या अलीकडील गाड्यांतील मूर्ती धक्का लागताच आत जाते. जुन्या गाडीवर उभे चिन्ह बसविताना ते पक्क्या बोल्टने जखडण्याऐवजी स्प्रिंगचा मूळ जोड कायम ठेवणे सुरक्षित असते.

दुसऱ्याच्या बोधचिन्हाची बनावट प्रत तयार करून विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. बॉनेटच्या मध्यभागी राष्ट्रध्वजाची काठी बसविण्याबाबतही निर्बंध आहेत. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार मोटारगाडीवर राष्ट्रध्वज फडकविण्याचा अधिकार राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मुख्यमंत्री व अन्य ठरावीक पदाधिकाऱ्यांपुरता मर्यादित आहे. काठी बॉनेटच्या पुढील भागी मध्यावर किंवा गाडीच्या पुढील उजव्या बाजूस घट्ट बसवावी लागते. शासकीय सेवेतून विकल्या गेलेल्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर एखादे जादा छिद्र आढळल्यास ते अशा काठीचे असू शकते. ते चिन्हाचे मूळ छिद्र समजून मोजमाप केल्यास नवे चिन्ह वाकडे बसते.

हे सुद्धा पहा

प्रीमियर पद्मिनी
हिंदुस्तान ॲम्बॅसेडर
वालचंद हिराचंद
विद्युतविलेपन
खारपाणपट्टा